राक्षस मेल्याशिवाय पॅकअप नाही

काका सूट काढायला तयार नव्हते.

पॅकअप झालं होतं. निम्मे दिवे बंद झाले होते. पुढच्या पार्टीची माणसं आपलं सामान घेऊन दाराशी ताटकळत होती. आणि आमचे वासुकाका फ्लोअरच्या मधोमध उभे. अंगाला घट्ट काळा सूट, त्यावर सगळीकडे पांढरे गोळे, मान खाली.

"काका, झालं आपलं. एक नंबर झालं. सूट द्या ना," मी म्हटलं.

"झालं कुठे?" ते म्हणाले. "मी अजून मेलो नाही."

आता हे काय नवीन! मी शॉटलिस्ट बघितली. त्यात मरण नव्हतंच.

आधी माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत अ‍ॅनिमेशन बघते. ऑफिस अंधेरीला, मरोळच्या आतल्या गल्लीत. राहायला घाटकोपर. पप्पा शेजाऱ्यांना 'पोरगी कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगतात, आणि ते काही खोटं नाही.

गेममधली माणसं खऱ्यासारखी चालावीत म्हणून मोकॅप करतात. नटाला काळा सूट घालायचा, सांध्यासांध्यावर चमकणारे गोळे चिकटवायचे. भोवतीचे कॅमेरे फक्त गोळे बघतात. चेहरा नाही, कपडे नाहीत, आवाज नाही. माझ्या स्क्रीनवर दिसतो तो नुसता काड्यांचा माणूस. नंतर त्या काड्यांवर आम्ही हवा तो देह चढवतो. राजा, अस्वल, राक्षस, काय पाहिजे ते.

आमच्या गेममध्ये तुम्ही एक सरदार असता. दोन रूट आहेत. चांगल्या रूटला गावं वाचवायची, विहिरी खणायच्या. वाईट रूटला गावं जाळायची, विहिरीत विष कालवायचं. वाईट रूट शेवटपर्यंत खेळलात तर सरदाराचा हळूहळू राक्षस होतो. तो सिंहासनावर बसतो, हसतो, खलास. गेम संपला.

लोक मला नेहमी विचारतात, असलं खेळून माणूस बिघडतो का गं? मला काय माहीत! आमचा प्रोड्युसर केतन रोज ऑफिसखालच्या मांजरांना दूध पाजतो, एखादी दिसली नाही तर गल्लीभर शोधत फिरतो. तो गेममध्ये कायम वाईट रूट घेतो आणि गावं जाळताना शीळ घालतो. मी ऑफिसमध्ये सगळ्यांवर खेकसते. पण गेममध्ये मला कोंबडीलासुद्धा लाथ मारवत नाही. आता यातला चांगला कोण आणि वाईट कोण, तुम्हीच ठरवा.

तर राक्षसासाठी आधी आम्ही एक जिमवाला स्टंटमन आणला होता. अंगाने बाप माणूस. पण चालायला लागला की बनियनची जाहिरात बघतोय असं वाटायचं. मग आमचा एडिटर म्हणाला, आमच्या दहिसरच्या चाळीत एक काका आहेत, त्यांना बघ.

वासुकाका सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. नोकरीत असताना दर हिवाळ्यात रजा टाकून गावी जायचे, जत्रांमध्ये दशावतार करायला. दशावतार म्हणजे कोकणात देवळासमोर रात्रभर चालणारं नाटक. लिहिलेले संवाद नसतात. देव आणि राक्षस समोरासमोर उभे राहतात आणि तिथल्या तिथे सुचेल ते बोलतात, आणि शेवटी राक्षस मरतो. काकांनी त्यात आयुष्यभर एकच काम केलं, राक्षसाचं.

"देव कधीच नाही केला?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"देव कोणीपण करील," काका मिशीत हसले. "नुसतं उभं राहायचं, लोक आपोआप पाया पडतात. मेहनत राक्षसाला. आणि करायचा तर पुरा करायचा. अर्धा राक्षस करणं हेच पाप."

माणूस भारी होता, आणि आपण भारी आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सोबत काकू आलेल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत वायरची पिशवी आणि थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या काही बोलत नव्हत्या, फक्त बघत होत्या.

शूटिंगचं काय सांगू! काकांनी फ्लोअरला हात लावून नमस्कार केला आणि वर आले ते काका नव्हतेच. पाय असा आपटला की लाइटवाला स्टुलावरून उतरला. चेहऱ्याकडे मी बघतच नव्हते, माझं लक्ष स्क्रीनवर. तिथे नुसत्या काड्या, नाक नाही की डोळे नाहीत. पण त्या काड्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि मी खुर्ची मागे सरकवली. इतकी वर्षं हे काम करतेय, काड्यांना घाबरायची ती पहिली वेळ. केतन कानात म्हणाला, "ए सुजाता, हे काय आहे यार?"

शेवटचा शॉट सिंहासनाचा. एका लाकडी खोक्यावर काका बसले आणि हसले. कट. टाळ्या. पॅकअप. आणि मग हे असं.

"मरण कशाला काका?" केतन समजावायला पुढे झाला. "आपला राक्षस मरत नाही. जिंकतो. प्लेयरने एवढी मेहनत करून वाईट रूट खेळला, त्याला शेवटी मारायचं? ते प्रवचन होईल. लोक शिव्या घालतील."

"जिंकू दे ना," काका म्हणाले. "त्याला कोण नाही म्हणतंय? पण खेळ संपतो कधी?"

"तिथेच संपतो. सिंहासनावर."

"संपत नाही तो. नुसता बंद होतो. राक्षस तसाच बसून राहतो." काकांनी छातीवर हात ठेवला. "इथे."

माझं डोकं सटकलं. माझ्या घरी लहानपणापासून एकच शिकवण, भूत-बित काही नसतं, प्रश्न विचारायचा, डोक्याला पटलं तरच मानायचं. मी म्हटलं, "अहो काका, असं अंगात बिंगात काही राहत नसतं. उशीर होतोय, माणसं खोळंबलीत."

तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. "बाळा, ह्येंका मरूक दे. नायतर तो राक्षस घराक येतलो, आणि माका निस्तरूचा लागतला."

"काकू, तुम्ही पण?"

"एकदा मुंबैत हॉलवाल्यान टायम संपलो म्हणान पडदो पाडलो. ह्ये मेलेच नाय. मगे आठ दिवस घरात ताटां आपटत होते. बोलाक जावा तर आंगावर येत." काकूंचा आवाज शांत होता. "देवमाणूस हा गो माझो. त्या आठ दिवसांत माका त्येंचा भय वाटला."

काका खाली बघत होते. एवढा वेळ ज्याला सगळे घाबरत होते तो माणूस लाजेने अर्धा झाला होता. मला भलतंच वाईट वाटलं, तरी मी माझं घोडं पुढे दामटलं. "पण काकू, भूत नसतं हो."

"भूत कोण म्हणता? चेडवा, तू दिवसभर हय सगळ्यांवर वरडतंस. मगे घराक गेल्यार आवशीवर वसकन जातंस काय नाय?"

आदल्याच संध्याकाळी आईने नुसतं 'जेवायला वाढू का' विचारलं होतं आणि मी तिच्यावर डाफरले होते. यात भुताचा काहीच संबंध नव्हता.

"घे," मी केतनला म्हटलं. "एक टेक घेऊ."

"अगं फ्लोअर सोडायचाय!"

"मी बोलते त्यांच्याशी. घे तू."

दाराशी उभ्या असलेल्या पार्टीला मी हात जोडले. ती माणसं जाहिरातवाली होती. वैतागली, पण आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. बघूया तरी काय आहे, असा चेहरा करून.

आता नवीनच पंचाईत. मारणार कोण? काका म्हणाले, "एकट्याने मरता येत नाही. समोर देव पाहिजे." स्टंटमनला तर आम्ही केव्हाच घरी पाठवलेलं. मी कॉम्प्युटरवर. शेवटी फोमची तलवार केतनच्या हातात आली. जन्मभर गावं जाळणारा केतन देव झाला! त्याने ती झाडूसारखी धरली.

"फक्त तलवार वर धरा आणि माझ्या डोळ्यात बघा," काका हळूच म्हणाले. "बाकी मी सांभाळतो."

काकूंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, उलटा धरला आणि त्यावर बोटांनी ठेका धरला. मी रेकॉर्डिंग चालू केलं.

राक्षस सहजासहजी मेला नाही. तो आधी हसला. मग गोल गोल फिरत केतनच्या अंगावर धावून गेला, दोनदा मागे वळला, पुन्हा आला. ठेका वाढत गेला. त्याला कळायला लागलं की आपले दिवस भरलेत. तो रागावला, मग त्याने विनवण्या केल्या, आणि मग अचानक थांबून त्याने समोरच्या देवाकडे असं बघितलं, की बाबा रे, थकलो, कर मोकळा. केतनने तलवार खाली आणली. डावा गुडघा टेकला, मग उजवा, मग एवढा थोरला देह सावकाश जमिनीवर आला. ठेका थांबला.

माझ्या स्क्रीनवर तर वेगळंच दिसत होतं. केतनच्या अंगावर गोळे नव्हते, म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी तिथे कोणी नव्हतंच. काड्यांचा राक्षस रिकाम्या जागेशी लढला आणि रिकाम्या जागेकडे बघत मेला. ज्याला डोळेच नाहीत त्याच्या नजरेने मला रडू आलं, आणि मी काही रडकी बाई नाही. जाहिरातवाल्यांपैकी एकाने नकळत चपला काढल्या होत्या.

मी स्टॉप दाबायचंच विसरले.

मग काकू उठल्या, काकांपाशी गेल्या, कपाळाला हात लावला. "उठा आता. चाय थंड झाली."

काका उठले. गुडघे चोळले, सगळ्यांना हात जोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सूट कुठे ठेवू, बेटा?" साधे, दहिसरचे काका.

पुढच्या आठवड्यात मी तो टेक साफ करायला घेतला. मरणानंतरचा भाग फालतू म्हणून कापला. मरण केतनला दाखवलं. त्याने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं, मग म्हणाला, "मी उभा होतो ना, तिथे कॅमेरा ठेव. प्लेयरच्या जागी." म्हणजे असं, की तुम्ही वाईट रूट खेळलात, जिंकलात, सिंहासनावर बसलात, हसलात. त्यात काही काटछाट नाही. आणि मग तुम्हीच घडवलेला राक्षस उतरून तुमच्यासमोर येतो, तुमच्याकडे बघतो आणि पडतो.

"प्रवचन नाही ना वाटत?" केतनने विचारलं.

"नाही रे. मुळात कोणी काही बोलतच नाही."

गेम तयार झाल्यावर काका-काकूंना बोलावलं. काकांना वाटलं नुसतं बघायचंय. रिमोट काकूंनी घेतला. बटणं समजून घेतली आणि सरळ वाईट रूट! "विहिरीत विष घालूचा बटन खयचा?" त्यांनी मला इतक्या उत्साहाने विचारलं की केतन खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. गावं जाळली, गुरं पळवली, बाई फुल फॉर्मात. काका बाजूला बसून कपाळाला हात लावत होते. मधले टप्पे आम्ही गाळले आणि शेवट आला.

शिंगांचा, सुळ्यांचा राक्षस समोर येऊन उभा राहिला. काकूंचा हात थांबला. डावा गुडघा टेकला तशा त्या पुटपुटल्या, "ह्ये आमचेच." राक्षस पडला. स्क्रीन काळी झाली.

काकू वाट बघत राहिल्या. मग हलकेच स्क्रीनला म्हणाल्या, "उठा आता."

कोणी उठलं नाही. काकूंनी माझ्याकडे वळून बघितलं. काका अगदी शेजारी बसले होते, धडधाकट. तरी त्या बाईचे डोळे भरले होते. "अगो, उठव त्येंका. राक्षस मेलो ता बरा झाला. पण आतलो माणूस उठूक व्हयो."

मी सरळ माझ्या मशीनवर गेले. कापलेला भाग अजून होता. त्याच संध्याकाळी आम्ही तो परत जोडला. आता राक्षस पडतो, जरा वेळ काही होत नाही, आणि मग एक साधा माणूस गुडघे चोळत उठतो, तुम्हाला हात जोडतो आणि निघून जातो. शिंगं जमिनीवरच राहतात. टेस्टिंगला आलेली माणसं तिथे रिमोट खाली ठेवतात आणि उगाच हात जोडतात. मी स्वतः बघितलंय. वाईट रूट खेळून कोणी बिघडतं का, हे मला अजून माहीत नाही. मी आणि केतन आजही त्यावरून भांडतो. फक्त हल्ली घाटकोपरला घरी पोचले की बेल दाबायच्या आधी मी जिन्यात दोन मिनिटं थांबते.

आणि आमच्याकडे कामाला नवीन येणाऱ्यांना मी एकच नियम शिकवते. टेक संपला म्हणून लगेच रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. माणूस उठेपर्यंत थांबायचं.