स्टुलावरचं माप

कारखान्यात तिला सगळे ‘डबल’ म्हणत. मोठ्या मापाचे कपडे शिवणारा कारखाना आणि त्यात सगळ्यात मोठ्या मापाची बाई तीच, तेव्हा नाव शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नव्हतं. आधी पाठीमागं म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले. पुढं तिनंच त्या हाकेला ओ द्यायला सुरुवात केली. मग त्यातली गंमत संपली आणि नाव तेवढं उरलं.

तिचं मशीन खिडकीजवळ होतं. उजेड चांगला, वारा चांगला, बाकीच्या बायकांचा जीव जळायचा. पण ती जागा फुकट मिळालेली नव्हती. नवा नमुना शिवून झाला की कटिंग मास्तर हॉलच्या मधोमध लाकडी स्टूल ओढायचे आणि तिनं तो कपडा अंगात घालून त्यावर उभं राहायचं. मास्तर ओठांत टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे. जिथं सैल तिथं चिमटीत धरून टाचणी लावायचे, जिथं ताण तिथं उसवायचे, खडूनं खुणा करायचे. त्या खुणा पुठ्ठ्यावर उतरायच्या आणि पुठ्ठ्यावरून कापडाचे थरच्या थर कापले जायचे. तिच्या अंगावर जे नीट बसेल, ते कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी बायकांच्या अंगावर जायचं.

स्टुलाचा नियम एकच. पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर तिनं लाजून श्वास रोखला होता, तेव्हा मास्तरांनी तिच्या पोटावर टिचकी मारली होती.

“पोट आत ओढू नकोस. सैल सोड. माप चुकतं.”

मशीनवरच्या सगळ्या बायका हसल्या होत्या. त्याला आता बरीच वर्षं झाली. सवय ही मोठी निर्लज्ज गोष्ट असते. आता ती स्टुलावर चढली की पोट आपोआप सुटायचं आणि ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहायची.

घरी ती आणि मुलगी, दोघीच. नवऱ्यानं कधीच दुसरीकडं संसार थाटला होता. जाताना म्हणाला होता, “या घरात मला बसायला जागा राहिलेली नाही.” विनोद त्याला बरा जमायचा, बाकी काही नाही. मुलीला घरात ‘चिमणी’ म्हणायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. विशीला टेकलेली चिमणी अंगानं हुबेहूब आईवर गेली होती. दोन दुकानांत ती काउंटरवरच्या कामासाठी जाऊन आली. दोन्हीकडं मालकांनी आधी तिच्याकडं आणि मग काउंटरमागच्या अरुंद जागेकडं पाहिलं आणि “कळवतो” म्हणाले. अजून कळवतच होते.

एक दिवस आई चष्मा घरी विसरली आणि चिमणी तो द्यायला कारखान्यात आली. दारातून मशीनपर्यंत ती चालत येईस्तोवर मास्तरांनी कात्री खाली ठेवली. कापडाचा नवा तागा बघावा तसं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“डबल, तुझ्या म्हातारपणाची काळजी मिटली बघ. पुढचा साचा तुझ्याच घरात तयार आहे.”

हशा पिकला. मास्तर बोलतात त्याला हसायचं, हा तिथला रिवाजच होता. पण चिमणीही हसली, चष्मा हातात धरून, कानांच्या पाळ्या लाल होईपर्यंत हसली. आईला ते हसणं ओळखीचं वाटलं. स्वतः ती गेली कित्येक वर्षं तस्संच हसत होती.

त्या संध्याकाळी बसथांब्यावर चिकटवलेला शर्यतीचा कागद तिनं वाचला. एकवीस किलोमीटर, कुणीही यावं. आयुष्यात ती बस पकडायलासुद्धा कधी पळाली नव्हती. तिनं मुलीचं आणि स्वतःचं, दोघींचं नाव घातलं. काहीही झालं तरी पोरगी त्या स्टुलावर चढता कामा नये, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिच्या हिशेबानं त्यावर औषध एकच होतं, पळणं.

चिमणी दोन सकाळी पळायला आली. पहिल्या सकाळी दुधाच्या गाडीवाल्यानं त्यांच्या बाजूनं गाडी हळू केली आणि त्यांच्या प्रत्येक पावलाला एकेक हॉर्न वाजवला. दुसऱ्या सकाळी मैदानावर पोरांना व्यायाम शिकवणारा कोच ओरडून म्हणाला, “ताई, कडेनं पळा, मैदान गेल्याच महिन्यात सपाट केलंय.” चिमणी जागच्या जागी थांबली.

“आई, तुला पळायचं तर पळ. मला नाही हा तमाशा करायचा.”

“लोकांचं काय ऐकतेस? लोक दोन दिवस बोलतात.”

“तुला किती वर्षं झाली गं त्या कारखान्यात? बोलायचे थांबले?”

आईनं मनाशी ठरवलं, आपण एकटीनं पळायचं. पोरगी ऐकणार नाही, पण डोळ्यांनी बघेल. आई शेवटच्या रेषेवर पोचलेली बघितली की तीही उठेल. आईच्या जातीला असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला फार वेळ लागत नाही.

मग ती रोज पहाटे पळू लागली. पळू लागली म्हणायचं आपलं. एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पाय ओढायचे, तिसऱ्यापर्यंत चालायचं आणि चौथ्याला टेकून उभं राहायचं. मांडीला मांडी घासून कातडी सोलवटून निघाली, मलम लावून ती मशीनवर पाय फाकवून बसू लागली, आणि त्यावरही बायकांना आठवडाभर पुरेल एवढा विनोद मिळाला. गाडीवाल्याचा हॉर्न चुकला नाही. तीही चुकली नाही. हळूहळू खांबांमधलं चालणं कमी झालं. उन्हाळा सरेपर्यंत ती न थांबता मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या घालू लागली, आणि कोच दुसरीकडं बघू लागला.

अंग उतरलं. कारखान्यात मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती जुनेच ढगळ झगे घालायची आणि लठ्ठ बाईकडं नीट बघायची तसदी कुणी घेत नाही. मास्तरांना तर बघायची गरजच नव्हती. “तुझी मापं मला पाठ आहेत,” असं ते मोठ्या ऐटीत सांगायचे. वर्षानुवर्षं त्यांनी तिच्या अंगाला पट्टी लावली नव्हती. नमुना सैल दिसला की चिमटीत धरायचा आणि टाचणी मारायची. कमरेला आधी एक टाचणी लागायची, मग दोन लागू लागल्या, मग तीन. मास्तर नमुना शिवणारीवर खेकसायचे, “ढगळ शिवतेस, हात आहेत की फावडी?”

डबलला कळत होतं. प्रत्येक वाढीव टाचणीला तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. घड्याळाकडं बघत ती चूप उभी राहायची. आपल्याबरोबर कापडही कमी होतंय आणि ते कुणाच्या तरी अंगाला आवळणार आहे, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं आणि तिनं ते बाजूला सारलं. एवढी वर्षं जगाचं माप तिनं अंगावर वागवलं होतं, आता चार दिवस जगानं तिचं वागवावं.

मग माल परत आला. खोकीच्या खोकी. सगळ्यात मोठं माप कुणाच्याच अंगात शिरत नव्हतं. मालकीणबाई खाली हॉलमध्ये आल्या, आणि मास्तरांनी कितीतरी वर्षांनी गळ्यातली पट्टी काढून सगळ्यांदेखत तिच्या कमरेभोवती आवळली. आकडा बघून त्यांचं तोंड उतरलं आणि दुसऱ्याच क्षणी फिरलं. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते त्या दिवशी ऐकावं.

“बघा मॅडम. हिनं फसवलं. चोरून बारीक झाली.”

चोरून बारीक होणं हा गुन्हा जगात पहिल्यांदाच नोंदवला गेला असेल. पण हॉलमधलं कुणी हसलं नाही. जाड म्हणून तिला हसणाऱ्या साऱ्या बायका आता ती बारीक झाली म्हणून चिडल्या होत्या, कारण परत आलेला माल उसवायला रविवारीही यावं लागणार होतं.

मालकीणबाईंचा आवाज मात्र मऊ होता. “अगं, तब्येतीची काळजी घ्यावी माणसानं, मी नाही म्हणत नाही. पण माझं सगळं काम तुझ्या मापावर उभं आहे. पुढच्या नमुन्यांपर्यंत पहिल्यासारखी हो. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल. मग खिडकीची जागाही तिची.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तिच्या मशीनवर क्रीमचा केक येऊ लागला, मालकीणबाईंकडून. बायका मशीन थांबवून बघायच्या. ती चमचाही लावायची नाही. पण अन्न टाकायचं कसं, म्हणून खोका तसाच घरी न्यायची, आणि तो चिमणी खायची.

“तू नाही खात?”

“शर्यत होऊ दे.”

“मी येईन हं शेवटाला,” चिमणी बोटं चाटत म्हणाली. “तुझी चप्पल आणि टॉवेल घेऊन उभी राहीन.”

आईला केवढा आनंद झाला. पोरगी येते म्हणाली, म्हणजे अर्धी शर्यत जिंकल्यातच जमा होती. घोडामैदान जवळच होतं.

रविवारी ती पळाली. पहिल्याच वळणावर सगळे पुढं गेले, आणि मागं राहिली ती आणि थकलेल्यांना गोळा करणारी गाडी. गाडीत बसलेले लोक खिडकीतून तिच्याकडं बघत होते. ड्रायव्हर अधूनमधून डोकं बाहेर काढायचा. “बाई, बसा आता. आम्हालाही घरदार आहे.” ती मान हलवायची. पुढं पुढं तर मान हलवायचीही ताकद राहिली नाही. मोज्यात रक्त उतरलं होतं, डाव्या पायाच्या नखाचं काहीतरी झालं होतं. प्रत्येक खांबापाशी तिला चप्पल आणि टॉवेल घेऊन उभी असलेली चिमणी दिसायची आणि पुढचा खांब यायचा.

ती पोचली तेव्हा माणसं कमान उतरवत होती. कमानीचा एक पाय जमिनीवर आडवा पडला होता, तो तिला ओलांडावा लागला. एका पोऱ्यानं खोक्यात हात घालून पदक शोधून दिलं आणि विचारलं, “तुम्हीच शेवटच्या ना? मग आवरतो.” तिनं सगळीकडं बघितलं. चिमणी नव्हती. खुर्च्या उचलून नेईपर्यंत ती तिथंच थांबली, मग रक्तानं पायांना चिकटलेले बूट तसेच ओढत घरी आली. घराला कुलूप होतं.

चिमणी संध्याकाळी आली. “सॉरी गं आई, एक काम निघालं.” गाल फुललेले होते, डोळे चमकत होते. आईनं पदक दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, वजन बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, “भारी आहे.” काय काम, हे विचारायच्या आत आईचा डोळा लागला.

सोमवारी जाग आली तेव्हा चिमणी घरात नव्हती. अंग लाकूड झालं होतं. जिन्याला धरून धरून ती उशिरा कारखान्यात पोचली. हॉलच्या मधोमध स्टूल होतं आणि स्टुलावर चिमणी होती. अंगात नव्या नमुन्याचा कोट, हात बाजूला पसरलेले.

“आई,” ती वरूनच म्हणाली, “मॅडमनी काल फोन करून बोलावलं. म्हणाल्या, आई पळायला गेलीय तर तू ये. मी लगेच पसंत पडले. बघ ना, दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.”

नोकरी लागलेल्या पोरीचा चेहरा होता तो. इतके महिने पोरीला ज्या जागेपासून लांब ठेवायला आई पळत होती, ती जागा तिनंच पळून पळून रिकामी करून दिली होती. खिडकीजवळच्या मशीनवर चिमणीची पिशवी लटकत होती.

“आलीस? ये,” मास्तर म्हणाले. त्यांनी टाचण्यांची उशी तिच्या हातात दिली. “खालची बाजू तू धर. तुला सगळं ठाऊक आहे.”

दुसऱ्या कामाची सोय नव्हती. ती गुडघ्यांवर बसली, नख दुखलं तेव्हा ओठ आवळले, टाचण्या ओठांत धरल्या. कोटाची कड उचलली. वर काहीतरी चुकत होतं. कापड ताणायला हवं तिथं ढिलं पडत होतं. तिनं मान वर केली. सगळा हॉल बघत होता, आणि चिमणी लाल कानांनी हसत होती, श्वास रोखून.

आईनं ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

“पोट आत ओढू नकोस, बाळा,” ती म्हणाली. “सैल सोड. माप चुकतं.”