कुवेतमध्ये बर्फामुळे मासे मिळाले नाहीत

मंडळी, आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस, आणि मी कामाच्या दिवसापेक्षा जास्त दमलोय.

सकाळीच मी आणि इथल्या रिग्गई भागातले आमचे शेजारी सुधीरभाऊ गळ घेऊन सुबियाच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी चहासारखं गढूळ. मी पडलो रत्नागिरीचा. खाडीला गढूळ पाणी आलं की मासा मिळणारच, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. लगेच बायकोला फोन केला, "सलमा, वाटण करून ठेव."

दुपारपर्यंत गळाला शेवाळाशिवाय काही लागलं नाही. कोळंबीचं आमिष जसंच्या तसं परत येत होतं.

सुधीरभाऊ नाशिकचे, रिफायनरीत इंजिनियर. मासेमारीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पाण्यात हात घालून म्हणाले, "अहो, हे पावसाचं पाणी नाही. तिकडे तुर्कस्तानच्या डोंगरांवर बर्फ वितळलंय, ते शेजारच्या देशातल्या नदीतून समुद्रात, इथवर आलंय. एवढ्या गार पाण्यात मासे कशाला थांबतील?"

घरी येऊन सलमाला तेच सांगितलं. तिने वाटणावर झाकण ठेवलं. "कुवेतात राहून बर्फाची कारणं सांगता?"

संध्याकाळी आईला फोन लावला. यंदाही ईदला येता येणार नाही, मी काम करतो त्या राई भागातल्या दुकानाचा मालक सुट्टी देत नाही, असं सांगितलं. तेही खरंच आहे. आई नुसतं "बरं" म्हणाली. मला झाकण ठेवल्याचा आवाज आला.

खरं सांगूनही खोटं पडायची वेळ तुमच्यावर येते का हो?