कोलेस्टेरॉलच्या दोन गोळ्या

अर्धवट माहितीवर माझ्या थोरल्या दिरांइतका तृप्त झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पळसदरीच्या धरणाकडची भातखाचरं त्यांनी मुंबईकरांना बंगल्यांसाठी विकली आणि शनिवार-रविवार त्याच बंगल्यांच्या ओट्यावर बसून ते शहाणे व्हायला लागले. मी खालापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, पण घरात विज्ञान तेच सांगायचे.

जाऊबाईंना संधिवात आहे. वयामुळे होतो तो नव्हे. शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उलटते, तो. सकाळी तासभर त्यांची मूठ वळत नसे. कर्जतला आठवड्यातून एकदा सांध्यांच्या डॉक्टरीणबाई येतात, त्यांच्याकडे मीच त्यांना नेलं. बाईंनी दर सोमवारी घ्यायची सांध्यांची गोळी सुरू केली. तिचा गुण आला, मूठ वळू लागली. मग रोज रात्री घ्यायला कोलेस्टेरॉलचीही एक गोळी दिली. कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नव्हतं, म्हणून मी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, ही सूज बोटांपाशी थांबत नाही, रक्तवाहिन्यांच्या आतही असते, म्हणून अशा रुग्णांच्या हृदयाला धोका जास्त. ही गोळी चरबी उतरवते आणि जोडीला सूजही थोडी निववते. ‘थोडी’वर त्यांनी जोर दिला होता.

हे मी घरी जेवताना सांगितलं, ती माझी चूक. दिरांनी नेमका तो ‘थोडी’ गाळला. छातीत स्टेंट बसल्यापासून ते स्वतः हीच गोळी घेत होते, त्यामुळे ती त्यांची खाजगी मालमत्ताच झाली. पुढच्या रविवारी ओट्यावर कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, की सोमवारची गोळी कॅन्सरवर देतात. झालं. सोमवारची बंद, कोलेस्टेरॉलच्या दोन.

कॅन्सरला तिचा डोस कितीतरी मोठा असतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

“पुस्तकातलं नको सांगू गं,” ते हसून म्हणाले. “आमी सोता घेतो. आमाला म्हाईत हाय.”

माझे यजमान ताटात बघत राहिले. थोरल्या भावापुढे मान खाली घालण्याला आमच्याकडे संस्कार म्हणतात. आणि मी? वर्गात पन्नास मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारी मी आमटी वाढायला उठले. पुढचे दोन महिने हेच चाललं आणि त्यांत दिरांचा जितका राग आला, त्याहून जास्त मला माझी किळस आली.

जाऊबाईंची मनगटं सुजली. भाकरीचं पीठ मळवेना. ब्लाउजचे हुक मी लावून देत होते. त्यात पोटऱ्याही दुखू लागल्या. दीर म्हणाले, रोग बाहेर पडतोय. मग एका सकाळी जाऊबाईंच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं आणि सांडलेल्या दुधावरून ते त्यांना बोलले. मी शाळेत रजा कळवली आणि रिक्षा बोलावली. दीर दारात आडवे आले. एवढ्याशा कारणासाठी डॉक्टर कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मी जाऊबाईंच्या चपलेचा पट्टा लावत होते.

“तुमच्या छातीत ती जाळी बसवली, तवा डाक्टरला मी शिकवाया गेलते का?” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “व्हा बाजूला.”

ते बाजूला झाले.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या पट्ट्या उलटसुलट पाहिल्या आणि हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, मालकांनी. ते काय करतात, बाईंनी विचारलं.

“जमिनी इकतात.”

बाई हसल्या नाहीत. कोलेस्टेरॉलची गोळी सांध्यांच्या औषधाच्या मदतीला आहे, त्याच्या जागी नाही, एवढंच त्या म्हणाल्या. ही गोळी जास्त झाली तर स्नायूंना बाधते, पोटऱ्या त्यानेच दुखत असतील म्हणून रक्त तपासलं, सोमवारची गोळी पुन्हा सुरू केली, रात्रीची पुन्हा एकावर आणली.

तीनेक महिन्यांत सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी राहिली, ती सरळ होणार नाहीत. दीर हल्ली ओट्यावर सांगतात, की दोन्ही गोळ्या चालू ठेवायचा आग्रह त्यांचाच होता. मुंबईकर माना डोलावतात.

जाऊबाई आता कर्जतला एकट्या जातात. परत आल्यावर दीर विचारतात, काय म्हणाली डॉक्टरीण? त्या पिशवी खुंटीला अडकवतात आणि सांगतात, “विशेष काय नाय.”