कानबाई हिंदीत बोलली ती सकाळ

माझ्या वहिनीला भुताच्या चित्रकथांचं वेड होतं, आणि मला त्या वेडाचा मनस्वी तिटकारा होता. मी बारावीत होते. जळगावला मावशीकडे राहून शिकायचे आणि शनिवारच्या एसटीने चोपड्याकडच्या आमच्या गावी यायचे. दर वेळी निघताना वहिनीचं एकच मागणं, ताई, स्टँडसमोरच्या लायब्ररीतून नवा अंक आणाल ना? लायब्ररी कसली, एक लाकडी खोका होता. त्यात सुतळीवर पोतेरी वाळत घालावीत तसे अंक लटकवलेले. मी सायन्सची पोरगी, ओळखीचं कोणी बघत नाही ना याची खात्री करून तो कचरा भाड्याने घ्यायचे.

आणि काय तो कचरा! सगळा हिंदीत. दर अंकात एक पडकी हवेली, एक तांत्रिक आणि सूड घ्यायला आलेली एक मेलेली बाई. मरून शंभर वर्षं झाली तरी बयेची लिपस्टिक जशीच्या तशी. बरं, माणसाचा गळा धरलास ना, मग आवळ आणि मोकळी हो. छे, ही आधी अर्धं पान आपली रडकथा सांगणार आणि तो गळा धरलेला माणूसही निमूट ऐकून घेणार. एका अंकात चुडैल केळीच्या बागेत राहायची. चित्रकाराने अख्ख्या घडाची केळी खाली टोकं करून लोंबत ठेवली होती. केळं वर वळतं हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. ज्याला केळं काढता येत नाही तो भूत काय काढणार, डोंबल?

हे सगळं मला कसं ठाऊक, असं कुणी कधी विचारलं नाही. दीड तास एसटीत बसून दुसरं करायचं तरी काय? गाव येईपर्यंत अंक माझा वाचून झालेला असायचा. वहिनीच्या हातात मात्र मी तो नाक मुरडून ठेवायचे, मेलेला उंदीर शेपटीला धरून द्यावा तसा.

वहिनी धुळ्याची, बारावी पास. दुपारी सगळे आडवे झाले की ती केळी ठेवायच्या खोलीत बसून वाचायची, आणि मनातल्या मनात वाचेल तर शपथ. चुडैलचा आवाज वेगळा, तांत्रिकाचा वेगळा. बारावी शिकून हिची मजल इथवरच, म्हणून मला तिची कीव यायची.

त्या श्रावणात तिच्या माहेराहून पत्र आलं. लग्नाआधी तिने डी.एड.चा फॉर्म भरला होता. पहिल्या यादीत हुकलेला नंबर आता लागला होता आणि आठ दिवसांत धुळ्याला हजर व्हायचं होतं. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले की केळीला पाणी द्यायला मास्तरीण लागत नाही. दादाने मान खाली घातली. माझा भाऊ नानांपुढे नेहमी तेवढंच करायचा. वहिनीने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. तेव्हा आठांतले पाच दिवस उरले होते.

त्याच रविवारी घरात कानबाई बसली. आमच्याकडे नारळाला नथ-दागिने घालून देवी बसवतात, रोटांचा नैवेद्य करतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन बोळवतात. बोळवताना बायकांच्या अंगात येतं. दरवर्षी दोघीतिघी तरी घुमायच्या आणि मी लांब उभी राहून, जगावर उपकार केल्यासारखं तोंड करून ते बघायचे.

त्या सोमवारी नदीच्या वाळूत वहिनी घुमायला लागली. केस सोडलेले, डोळे फिरवलेले. बायका मागे सरल्या, ताशा थांबला. मग ती बोलली, तीही हिंदीत. "मैं सौ साल से अँधेरे में प्यासी बैठी हूँ. जो मेरा रास्ता रोकेगा, उसके कुल में दीया जलानेवाला नहीं बचेगा."

मला धक्काच बसला, पण भक्तीचा नव्हे. हे तर मागच्याच अंकातलं होतं, हवेलीच्या विहिरीतून वर येणाऱ्या बाईचं. त्यात काना-मात्रेचा फरक नव्हता. आमची देवी हिंदी का बोलतेय, असा प्रश्न एकालाही पडू नये? उलट एक म्हातारे आबा सगळ्यांना समजावून सांगायला लागले की आई सातपुड्यापलीकडून येते, तिकडे हिंदीच बोलतात. नाना वाळूत गुडघ्यांवर बसले. देवीने फर्मावलं, या सुनेला धुळ्याला शिकायला पाठव. नानांनी हात जोडले. "माय, तू म्हनशी तसं करसूत."

झालं होतं. वहिनी धुळ्याला चालली होती. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेवढंच माझ्याच्याने झालं नाही. एवढी माणसं त्या लिपस्टिकवाल्या भुतापुढे लोटांगण घालतायत, हे मला बघवेना. आणि जिची मी कीव करत होते तिने सगळ्यांना गुंडाळलं, हेही बघवेना.

मी पुढे झाले आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "नाना, हे पुस्तकातलं आहे. मी दाखवते."

मी धावत घरी जाऊन अंक आणला. परत करायचा म्हणून तो माझ्याच पिशवीत होता. दादाने वाळूत उभं राहून ते वाक्य अडखळत मोठ्याने वाचलं. पोरं फिदीफिदी हसली. वहिनीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि केस बांधून घेतले. नाना थुंकले आणि घरी गेले. अंक पाणी तापवायच्या चुलीत गेला. धुळ्याचे उरलेले दिवस निघून गेले, नंबर दुसऱ्या कुणाचा तरी लागला. मी मात्र गावातून अंधश्रद्धा हाकलल्याच्या तोऱ्यात जळगावला परतले.

पुढच्या शनिवारी आले तर आई माझ्याशी धड बोलेना. दुपारी धान्य निवडताना मीच विषय काढला. म्हटलं, तुम्ही सगळ्या खुळ्यासारख्या पाया पडत होतात, मी नसते तर नाना फसले असते.

आई सुपातून डोळे वर न करता म्हणाली, "बठ्ठ्या बायासले माहीत व्हतं."

सगळ्या बायकांना? मला कळेना. मग तिने सूप खाली ठेवलं. "तुले जळगावले शिकाले कोनी धाडं? तवय कानबाई मना आंगमां उनी व्हती."

आईच्या अंगात आलं त्या वर्षी बोळवणीला मी नव्हते, तापाने घरी पडून होते. मी म्हणाले, मला मार्क चांगले होते म्हणून नानांनी पाठवलं. आई म्हणाली, त्या वर्षी माझ्याहून जास्त मार्क पडलेल्या दोन पोरी गावात होत्या, त्यांची दिवाळीनंतर लग्नं झाली. मग तिने सूप पुन्हा उचललं.