जिजाजींचा राजीनामा

'नाही' हा शब्द मराठीत आहे, हिंदीत आहे, माळवीतही आहे. पण यांपैकी एकाही भाषेत ज्याच्या तोंडून तो कधी कुणी ऐकला नाही, असा अख्ख्या इंदुरात एकच माणूस आहे आणि तो आमच्या ताईच्या नशिबी आला. शुद्ध मराठीत मी त्यांना भाऊजी म्हणायला हवं. पण आमच्या राजेंद्र नगरातल्या मराठी घरांत बहिणीचा नवरा हा जिजाजीच असतो, आणि ताईचं सासर-माहेर एकाच कॉलनीत असल्यामुळे होता होता ते सगळ्या कॉलनीचेच जिजाजी झाले. दूधवाला, मंदिरातले गुरुजी, ताईहून वयाने मोठ्या काकवा, सगळे त्यांना जिजाजी म्हणत. एकदा तर त्यांच्या सख्ख्या आईनेच आतून हाक मारली, "जिजाजी, जरा गॅस बंद करा." जिजाजींनी मुकाट्याने उठून गॅस बंद केला.

सांवेर रोडवर त्यांचा पंपांचे सुटे भाग बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. राजेंद्र नगरहून सांवेर रोड म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणं, आणि वाटेत भांडणं पुष्कळ. भांडण दिसलं की जिजाजींची स्कूटर आपोआप थांबते. दोन रिक्षा एकमेकींना घासल्या आहेत, दोघे चालक एकमेकांच्या कॉलरला हात घालून उभे आहेत, की हे मध्ये शिरणार. चूक कुणाची हे त्यांनी पाहिलेलं नसतं आणि त्यांना पाहायचंही नसतं. "गलती तो मेरी है भिया," असं ते दोघांना सांगतात. आता जो माणूस तिथे नव्हताच त्याची चूक कशी, या विचारात दोघेही इतके गुंततात की कॉलर सुटते. मग हे त्यांना समोरच्या दुकानात नेऊन कचोरी खाऊ घालणार. एकदा अशा एका भांडणात ते इतके रमले की कारखान्याची किल्ली खिशात आहे हे विसरले, आणि सगळे कामगार दुपारपर्यंत शटरबाहेर उकिडवे बसून राहिले. त्या दिवशीच्या रिक्षावाल्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सहकुटुंब जेवून आलो.

विधायक, म्हणजे आमदार, ते याच खोडीपायी झाले. पक्ष कुठला ते मी सांगत नाही. सांगितला तरी जिजाजींच्या बाबतीत काही फरक पडत नाही. आमच्या भागात तिकिटासाठी दोन मातबर माणसं हातघाईवर आली होती. जिजाजींना हे बघवेना. ते कधी याच्या घरी, कधी त्याच्या घरी समजूत घालत फिरू लागले. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. "उसको मिले, उससे अच्छा तो जिजाजी को दे दो," असं दोघेही रागारागाने म्हणाले, आणि पक्षाच्या माणसांनी ते खरं मानलं. जिजाजींना विचारलं, तेव्हा ते नेहमीचंच बोलले, "हो जाएगा." ताई त्या वेळी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालत होती. नवऱ्याला तिकीट मिळाल्याचं तिला शेजारच्या गच्चीवरून कळलं. प्रचारात हे प्रत्येक घरी जाऊन गुडघे कसे आहेत, मुलाचा निकाल लागला का, एवढंच विचारायचे. मत मागायची त्यांना लाज वाटायची. पण दारी आलेल्या जावयाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. लोकांनी भरभरून मतं दिली.

नकार न देणारा माणूस कारखान्यात असतो तोवर नुकसान त्याचं एकट्याचं होतं. विधायक झाला की ते सार्वजनिक होतं. समाजाचा हॉल जिजाजींनी एकाच तारखेला दोन लग्नांना देऊन टाकला. दोन्ही वरातींचे बँड समोरासमोर उभे राहिले, तेव्हा जिजाजींनी पहिल्या लग्नाला सकाळची वेळ दिली, दुसऱ्याला संध्याकाळची, सकाळची फुलं संध्याकाळी चालवून घेतली आणि दोन्ही पंगतींत स्वतः वाढत फिरले. दुसऱ्या लग्नातल्या नवरदेवाचे काका मला म्हणाले, "मॅडम, वाढपी भारी होता हो, कुठला?" भोपाळला विधानसभेत तर वेगळीच तऱ्हा. दोन्ही बाजूंचा आरडाओरडा सुरू झाला की जिजाजी आपली जागा सोडून विरोधकांच्या बाकांकडे जायचे आणि "बैठो तो सही भिया, गला खराब होगा," असं सांगून खिशातली लवंग काढून द्यायचे. आपला माणूस तिकडे काय करतोय म्हणून पक्षात खळबळ, आणि हा आपल्याकडे येतोय की काय म्हणून तिकडे आशा.

घराचं मात्र धर्मशाळेसारखं झालं. ताई सकाळी न्हाणीघरातून बाहेर यायची, तर दाराशी टॉवेल घेऊन कुणीतरी अनोळखी गृहस्थ नंबर लावून उभे. जिजाजींनीच त्यांना "हो जाएगा" म्हटलेलं असायचं. तिची शिक्षिकेची नोकरी, घर आणि वर हे सगळं. "मी विधायकाशी लग्न नव्हतं केलं गं," ती मला म्हणायची, "कारखानदाराशी केलं होतं, तोही छोट्या." त्यांची झोप उडाली, रक्तदाब चढला. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं की यांना या धबडग्यातून बाहेर काढा, नाहीतर पुढच्या वेळी मी घरी पाठवणार नाही, ॲडमिट करीन. ताई घाबरली. तिने जिजाजींना 'नाही' म्हणायचं शिकवायला घेतलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून प्रयोगाला मला बसवलं. मी म्हणाले, "जिजाजी, मला तुमची एक किडनी पाहिजे." त्यांनी ताईकडे पाहिलं, ओठ आवळले, कपाळावर घाम आला. मग म्हणाले, "कधीपर्यंत पाहिजे?" ताई उठून स्वयंपाकघरात गेली. पुढच्या निवडणुकीचं तिकीटही यांनाच द्यायचं असं पक्षात बोलणं चाललं होतं, आणि तिथे हे काय उत्तर देणार हे आम्हां दोघींना चांगलं ठाऊक होतं.

त्यातच नालीचं, म्हणजे गटाराचं, प्रकरण झालं. आमच्या वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, हा जिजाजींचा शाळेपासूनचा मित्र आणि त्यांच्याच पक्षाचा. रोज सकाळी दोघे एकत्र फिरायला जायचे. नालीच्या भूमिपूजनाच्या दगडावर पार्षदाचं नाव वर आणि विधायकाचं खाली कोरलं गेलं. जिजाजींनी ते वाचलंही नव्हतं, ते नारळ कुठे फोडायचा हे बघत होते. पण त्यांच्या माणसांनी वाचलं. बाचाबाची झाली, मग धक्काबुक्की, मग मोबाईलवर एकमेकांचे व्हिडिओ. दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद झालं. जिजाजी मित्राच्या घरी गेले, तर फाटकावरच पार्षदाच्या पोरांनी त्यांना अडवलं. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं मिटवणाऱ्या माणसाच्या नावाने आता भांडण चाललं होतं, आणि ते मिटवायला मध्ये पडेल असं दुसरं कुणी गावात नव्हतं. ते सकाळी एकटेच फिरायला जाऊ लागले आणि लवकर परतू लागले. "माझ्यामुळे माणसांचं एकमेकांच्या घरी जाणं थांबलं," एवढंच ताईला म्हणाले. मला त्यांची फार दया आली.

दिवाळीचे दिवस होते. ताई, मी आणि ते फराळाला बसलो असताना भोपाळहून पक्षाच्या बड्या नेत्यांचा फोन आला. जिजाजी फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, बाकीच्यांना परकं वाटू नये म्हणून. पलीकडून आवाज आला, "देखो भिया, बहुत हो गया। पार्टी की बदनामी हो रही है। कल के कल राजीनामा कर लो, और मीडिया को बता देना।"

आता इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता. दोन भावांत, दोन शेजाऱ्यांत वाद मिटला की राजीनामा झाला असं कोर्टापासून गल्लीपर्यंत सगळे म्हणतात. पद सोडणं म्हणजे इस्तीफा. नेत्यांचं म्हणणं एवढंच होतं की पार्षदाशी जुळवून घ्या. आणि जिजाजींनी जन्मभर दुसरं केलं काय, तर लोकांचे राजीनामे करवले. हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून किती वेळा यायचा. पण त्या संध्याकाळी घरात मराठी चालू होतं.

"हो जाएगा, भाईसाहब," जिजाजी म्हणाले आणि फोन ठेवला. मग आमच्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी राजीनामा मागितला."

मी तोंड उघडलं. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यात चकली घातली.

"मागितलाय तर द्या," ताई म्हणाली. "मोठ्यांचं ऐकावं."

दुसऱ्या दिवशी जिजाजी इस्त्रीचा शर्ट घालून भोपाळला गेले. विधानसभेच्या अध्यक्ष महोदयांनी विचारलं, स्वेच्छेने देताय का. जिजाजी म्हणाले, "बिलकुल." काही दबाव वगैरे? "जी, दबाव तो है, पर डॉक्टर गोली दे रहे हैं." अध्यक्ष हसले, सही झाली, आणि सांगितल्याप्रमाणे मीडियालाही कळवून झालं. परतीच्या वाटेवर नेत्यांचा फोन आला, तोही स्पीकरवरच.

"ये क्या कर आए? मैंने राजीनामा बोला था।"

"जी, वही तो दिया."

"अरे भिया, अपना वाला राजीनामा!"

"जी," जिजाजी म्हणाले, "मेरे घर में तो यही वाला है."

ते घरी पोचायच्या आत पार्षद ताईच्या ओट्यावर येऊन बसला होता. नालीच्या दगडापायी मित्राने पद सोडलं असं त्याला वाटलं, आणि तो लहान मुलासारखा रडला. दोघांनी एकाच ताटात फराळ केला. म्हणजे हिंदीतलाही राजीनामा झालाच. ताईने त्या रात्री पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि दुसऱ्या दिवशी चांगली उशिरा उठली. इतका निवांत चेहरा मी तिचा लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. पुढे पोटनिवडणुकीत तिकीट पार्षदाला मिळालं, जिजाजींनी त्याच्यासाठी घरोघरी फिरून लोकांच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि तो निवडून आला.

आता जिजाजींचा रक्तदाब ताळ्यावर आहे. कारखाना वेळेवर उघडतो. मित्राला मात्र हल्ली फिरायला यायला सवड नसते. संध्याकाळी ओट्यावर बसले की जिजाजी अधूनमधून रस्त्याकडे बघतात, आणि बराच वेळ कुणी आलं नाही तर उठून फाटकाची कडी अडकत नाही ना, ते पाहून येतात.

परवा अशाच एका संध्याकाळी मी त्यांना शेवटी विचारलंच. "जिजाजी, खरं सांगा. तो शब्द तुम्ही हिंदीत ऐकला होता की मराठीत?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "जो आला तो काहीतरी मागायलाच आला," ते म्हणाले. "मी देत गेलो. त्यात तक्रार कसली? पण त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी असं मागितलं, जे मलाही द्यायचं होतं. मग भाषा कोण विचारत बसतो?" आणि ताईकडे वळून म्हणाले, "पण तुला तर कळलं होतं ना गं?"

ताईचा जन्म इंदूरचा, शाळा इंदूरची, आणि गेली कित्येक वर्षं ती सरकारी शाळेत हिंदी शिकवते. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कुठे हिंदी येतं."

जिजाजी नुसते हसले. मग खुर्ची तिच्या जवळ ओढून त्यांनी तिच्या सुपातला लसूण सोलायला घेतला.