बंबाची लॉरी आणि पाववाल्याची गाडी

लॉरी घ्यायची की लहान बंद गाडी, यावरून आमच्या घरात पंधरा दिवस भांडण चाललं होतं. लढाई संपून वर्ष झालं होतं. आमचे हे लढाईत सरकारी लॉरी चालवून परत आले होते आणि आता दुसऱ्याच्या हाताखाली राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

धंदा कुठला करायचा यावर वाद नव्हता. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवरची लुगडी निपाणीच्या दुकानांत तातडीनं पोचवायची. निपाणीला रेल्वे नाही. बैलगाडीला दोन दिवस लागतात. लग्नसराईत दुकानदाराचा निरोप यायचा, उद्या बस्ता आहे, हिरव्या काठाची चार लुगडी लगेच पाठवा. असा माल नेणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात.

क्लीनर ठेवायचा नाही, हेही ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे काय, ह्यांच्याजवळ कुणी टिकतच नव्हतं. लढाईच्या आधी दुसऱ्याच्या लॉरीवर होते तेव्हा एका वर्षात तीन क्लीनर पळाले. एक तर संकेश्वरात लॉरी उभी असताना उतरला आणि चालत घरी गेला. ह्यांचं तोंड वाईट. मनानं वाईट नव्हते, पण शिव्या खाणाऱ्याला मन दिसत नाही.

तेव्हा बेळगावात दोन गाड्या विकायला होत्या. एक मोठी लॉरी. पेट्रोल कूपनावर मिळायचं, म्हणून त्या लॉरीला मागं कोळशाचा बंब बसवला होता. न्हाणीघरात असतो तसाच, पण माणसाएवढा उंच. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा, आणि त्याच्या वायूवर लॉरी चालायची. दुसरी गाडी कॅम्पातल्या एका पाव-बिस्किटवाल्याची. गोऱ्या पलटणी जायला लागल्या तसं त्याचं गिऱ्हाईक कमी झालं होतं. गाडी लहान, कूपनाच्या पेट्रोलवर भागणारी, आणि मागं चहूबाजूंनी पत्र्यानं बंद.

ह्यांचा जीव लॉरीवर.

"लढाईत मी तीन-तीन टनाच्या गाड्या मारल्या," हे म्हणायचे. "आता पाववाल्याचा डबा चालवू व्हय? पोरं मागं लागतील, मामा, बिस्किट द्या म्हणून."

"लागू देत. लॉरी भरंपर्यंत अड्ड्यावर बसून ऱ्हावं लागतंय. डबा दोन गठ्ठ्यांवर बी सुटतोय."

"तुला काय कळतंय गं गाडीतलं?"

"गाडीतलं न्हाय कळत. लुगड्यातलं कळतंय."

ते खरंच होतं. मी चौथी शिकलेली, पण वडगावात मागाच्या खड्ड्याशेजारी सुताच्या कांड्या भरत वाढले. लग्न झाल्यावर पोचलेलं लुगडं कुणी घेत नाही, हे मला शाळेत शिकावं लागलं नाही. उघड्या लॉरीत धूळ बसते, पाऊस लागतो, हेही माहीत होतं.

पण ही सगळी बोलायची कारणं. मला भीती तवंदीच्या घाटाची होती. निपाणी सोडली की लगेच तो चढ लागतो. येताना ह्यांनी तंबाखूची पोती भरायचं ठरवलं होतं. भरलेली लॉरी, कोळशाचा बंब, आणि माणूस एकटा. लॉरी घाटात थांबली तर चाकामागं लाकडी ठोकळा कोण लावणार? हे मी विचारलं की हे उठून बाहेर जायचे. माझ्या पदरात दोन मुली होत्या. मला विधवा व्हायचं नव्हतं, इतकं सरळ होतं ते.

लॉरीचा मालक म्हणाला, "एक खेप करून बघा, पटली तर घ्या." मी ह्यांना म्हटलं, मीपण येते. मुलींना आईकडं ठेवलं.

"तू येऊन काय करणार?"

"काय करणार न्हाय. हात मांडीवर ठेवून बसणार. तुम्ही एकटं जाताय असंच धरायचं. मला एक काम सांगायचं न्हाय."

"न्हाय सांगत, जा."

जाताना काही झालं नाही. ह्यांनी पहाटे पाव तास पंखा फिरवला, स्वतःच सगळं केलं, आणि वाटेत दोनदा माझ्याकडं बघून मिशीत हसले. निपाणीत लुगडी उतरवली, तंबाखू भरली, भाकरी खाल्ली. दुपारी घाटाला लागलो.

अर्धा घाट चढल्यावर लॉरी खोकायला लागली. बंबात राख साचली होती, वायू पुरत नव्हता. एका वळणावर ती बंद पडली. ह्यांनी पायाचा ब्रेक दाबला, हाताचाही ओढला. मग पाय जरा उचलून बघितला, तशी लॉरी मागं सरकली. पाय परत खाली.

"उतर. ठोकळा लाव."

"मी कुठं हाय? तुम्ही एकटं हाय."

"ही काय चेष्टेची वेळ हाय? उतर म्हंतो न्हवं!"

"मी न्हाय असं धरून सांगा. पाय काढला तर गाडी मागं जातीया. न्हाय काढला तर बंब कोण ढवळणार?"

ह्यांनी मला शिवी दिली, माझ्या माहेरालाही दिली. मी पुरी होऊ दिली. त्यांचा पाय ब्रेकवरच अडकला होता. मागं वळण होतं आणि वळणापलीकडं दरी. मी फार ताणलं नाही, कारण मीही त्याच गाडीत होते.

कासोटा घट्ट केला, उतरले, ठोकळा मागच्या चाकाला लावला. दुसऱ्या चाकाला एक धोंडा लावला. "काढा पाय," म्हणून ओरडले. लॉरी ठोकळ्यावर टेकली आणि थांबली. हे खाली आले ते आधी रस्त्यातच बसले. पाय धरला होता त्यांचा.

तेवढ्यात मागून कडब्याची बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "काय वैनी, मालकांस्नी उतरवून तुम्हीच चालवताय व्हय?"

"तेंच्यापरीस बरी चालवीन," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. उठून बंब ढवळला, राख काढली, पंखा फिरवला. मी परत हात मांडीवर ठेवून बसले नाही. तेवढा हट्ट पुरे झाला होता. वर पोचेपर्यंत आणखी दोनदा ठोकळा लावला.

संकेश्वरात थांबलो. तिथं हॉटेलात चहा घेतला. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून म्हणाले, "पाववाल्यानं गाडी दुसऱ्या कुणाला दिली नसंल न्हवं?"

एक माणूस ती गाडी बघून गेला होता, हे मी ऐकलं होतं. इतकं सगळं करून गाडीच गेली असली तर हे पुन्हा लॉरीवरच येणार. घरी येऊन रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी आम्ही दोघं कॅम्पात गेलो. गाडी भट्टीपुढं उभी होती आणि तिच्या टपावर एक मांजर बसलं होतं. मांजराला हाकलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाववाल्याला वाटलं, किंमत ऐकून आलं.

गाडी मी तीन दिवस सोड्यानं धुतली आणि उन्हात दारं उघडून ठेवली. तरी पहिल्या खेपेला निपाणीचा दुकानदार म्हणाला, लुगड्यांना बिस्किटाचा वास येतोय. पण लुगडी सकाळी निघून बस्त्याच्या आधी पोचली होती, त्यामुळं त्यानं वासासकट ठेवून घेतली.

त्या पहिल्या खेपेला हे एकटेच गेले होते. दुपारी मी मुलींना वाढलं आणि माझंही ताट घेतलं. नवऱ्याआधी जेवायची रीत आमच्यात नव्हती. ह्यांच्या लॉरीच्या गोष्टी चालू झाल्या तेव्हापासून मला नीट भूकच लागली नव्हती, आणि त्या दिवशी लागली. दोन भाकरी खाल्ल्या, वर आमटी प्याले.

दिवे लागायच्या आधी हे आले. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि एकच ताट बघितलं.

"जेवलीस?"

"व्हय. भूक लागली हुती."

"माझी वाट न्हाय बघितलीस?"

"तुम्ही येणार हे म्हाईत हुतं."

त्यांनी ताट पुढं ओढलं आणि म्हणाले, "वाढ."