तारीखताई

कंपनीत तिला सगळे 'तारीखताई' म्हणत. मोठमोठ्या उद्योगांचे पगार, रजा, खरेदी सांभाळणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. त्या अवाढव्य पसाऱ्यातला, रजेच्या अर्जावरचा तारखेचा चौकोन तेवढा हिच्याकडे. नोकरीला लागली तेव्हा वाटलं होतं, थोडे दिवस हे करू, मग पुढचं बघू. पण साहेब बदलले, विभागांची नावं बदलली, बसायची जागा वरच्या मजल्यावर गेली, तरी चौकोन काही पाठ सोडेना.

"अगं, तू तिथे नक्की करतेस तरी काय?" सासूबाई विचारायच्या.

"रजेची तारीख टाकायची सोय."

"एवढंच? इतकी वर्षं?"

ती हसून वेळ मारून न्यायची. त्या चौकोनाचा रंग बदलायचा म्हटलं तरी चार विभागांचा होकार लागायचा, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार!

एके दिवशी मोठ्या साहेबांनी पडद्यावरून शेकडो जणांना सांगितलं, की रजेचा अर्ज आता नव्यानं बनणार, जुना बंद. "काळजी नको, नोकरी कुणाचीच जाणार नाही." तिचं सगळं काम एका वाक्यात पुसलं गेलं होतं. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही, आणि याचीच तिला भीती वाटली.

एका बेकरीच्या वरच्या खोल्यांत एक छोटी कंपनी होती, दवाखान्यांना, दुकानांना गिऱ्हाइकांच्या वेळा ठरवायचं सॉफ्टवेअर बनवणारी. ती मुलाखतीला गेली. मालकीणबाई तिच्याहून लहान. त्यांनी एक साधासा प्रोग्रॅम लिहायला दिला आणि हिचे हात थबकले. मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम कंपनीनंच बनवलेल्या खास संगणकी भाषेत लिहायचे. त्या फाटकाबाहेर ती भाषा कुणी ओळखतही नव्हतं.

"मला हे येत नाही," तिनं सरळ सांगून टाकलं.

"मग काय येतं?"

"लोक तारीख किती तऱ्हांनी चुकवतात, ते तोंडपाठ आहे."

मालकीणबाई खळखळून हसल्या. "शिकून या. मी थांबते."

ती जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून शिकायला बसली. नवऱ्यानं स्वयंपाक अंगावर घेतला. घरानं काही दिवस करपलेलं निमूट गिळलं. शेवटी तिनं राजीनामा दिला.

नव्या जागी सगळंच गोड नव्हतं. दुपारी डबा उघडला की जुन्या मैत्रिणी आठवायच्या. पगारही उतरला होता.

मग एका सकाळी जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. मागे नुसता कल्लोळ.

"अहो, तुमच्या त्या वेळापत्रकानं दोन कुत्री आणि एक मांजर एकाच वेळेला बोलावलीत! इथे रणकंदन चाललंय!"

ती चांगलीच गांगरली. चूक तिचीच होती. माफी मागून ती कामाला भिडली आणि दुपारच्या आत चूक दुरुस्त केली. मोठ्या कंपनीत तक्रार यायची ती नुसता आकडा होऊन, कुणाकुणाच्या हातून फिरत फिरत, थंडगार. ही मात्र भुंकत आली होती.

संध्याकाळी डॉक्टरांचा पुन्हा फोन.

"आता बरोबर चाललंय हो. सकाळी जरा जास्तच ओरडलो."

"छे, छे," ती म्हणाली. "मांजर कसं आहे?"